तिकडे पाऊस किती?

गुरुवार, १० जुलै

रत्नागिरीहून पुण्याला जायचं तर रात्रीची गाडी बरी, झोपेत घाट निघून जातो, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत आहे. मी मुद्दाम सकाळची एसटी धरली. मुलगा म्हणाला, "आई, घाटात नुसतं धुकं असणार, दिसणार काय आहे तुला?" त्याला काय सांगायचं? मला धुकंच बघायचं होतं.

चिपळूण सोडेपर्यंत पाऊस असा, की खिडकीच्या फटीतून थेट मांडीवर धार. कंडक्टरने कालचा पेपर घडी करून फटीत कोंबला आणि म्हणाला, "मावशी, आता उंब्रजपर्यंत त्याला हात लावायचा नाही." कुंभार्ली घाटात वळणावळणाला धबधबे. कोयनानगरला तोच मुसळधार. पाटणला भुरभुर. उंब्रजला हमरस्त्याला लागलो तर रस्ता कोरडा ठणठणीत, आणि कडेला एक बाई कणसं भाजत बसलेली, डोक्यावर पदर तो उन्हासाठी. मी घड्याळ पाहिलं. घाटमाथ्यावरून इथवर यायला पुरते दोन तासही लागले नव्हते.

नववीत सरांनी हा धडा शिकवला तेव्हा पुस्तक उघडलंच नव्हतं. बाक, बाकावर टेबल, टेबलापलीकडे पुन्हा बाक असा सह्याद्री रचला, आणि वर्गातल्या सगळ्यात दणकट मुलाच्या गळ्यात पाच दप्तरं अडकवली. हा अरबी समुद्रावरून आलेला ढग. चढताना दर पायरीला एक दप्तर टाकायचं. पलीकडे उतरला तेव्हा ढगाच्या गळ्यात एकच दप्तर उरलं होतं, तेही रिकामं. सर म्हणाले, "हे पुणं." मग फळ्यावर आकडे: पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर. तेव्हा रत्नागिरी माझ्यासाठी नकाशावरचा ठिपका होता. लग्न होऊन त्याच ठिपक्यात जाणार हे कुणी आधी सांगितलं असतं तर माहेरून छत्री तरी बरी घेतली असती.

सरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना नाव छापून आलेलं आवडायचं नाही. शाळेच्या वार्षिक अंकातही त्यांच्या लेखाखाली 'भूगोल शिक्षक' एवढंच असे. गेल्या जूनमध्ये ते गेले, शहाऐंशीव्या वर्षी. तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, येता आलं नाही. आता वर्षानंतर आमच्या वर्गाने आणि पुढच्यामागच्या पाचसहा वर्गांनी मिळून शनिवारी कार्यक्रम ठरवला होता, म्हणून ही वारी.

लग्न होऊन गेले त्याच जूनमध्ये सरांचं पहिलं पोस्टकार्ड आलं. मायना, आणि लगेच: "तिकडे पाऊस किती? दर शनिवारी सात दिवसांचे आकडे कळवणे." खुशाली विचारलेली, पण कोपऱ्यात, जागा उरली म्हणून. सासूबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे तुझे मास्तर की मामलेदार?" मी आकाशवाणीवर रोजचे आकडे ऐकून कॅलेंडरवर टिपायचे आणि शनिवारी कार्डावर उतरवायचे. जून ते सप्टेंबर. सतरा पावसाळे हे चाललं, मग फोन आले.

संध्याकाळी कात्रजचा बोगदा लागला आणि थंड हवा आत आली. स्वारगेटला उतरले. गुरुपौर्णिमा होती. स्टँडबाहेर कुणीतरी हातावर साखरफुटाणे ठेवले. धनकवडीला मावसबहिणीकडे मुक्काम. पिठलं-भात खाऊन झोपले.

शुक्रवार, ११ जुलै

आमच्या वर्गातला एक मित्र रिक्षा चालवतो. दहावीला दोनदा आपटला, तिसऱ्यांदा पास झाला, आणि गेली अडतीस वर्षं याच शहरात मीटरने धंदा करतो. पुण्यात हे वाक्य लोक दोनदा वाचतील, म्हणून पुन्हा लिहिते: मीटरने. फोनवर म्हणाला होता, "नऊ-साडेनऊला येतो. त्याआधी मला काम असतं." कसलं काम ते मी विचारलं नाही.

"काय गं, केस पांढरे केलेस?"

"केले नाहीत, झाले."

"सर म्हणाले असते, हिमरेषा खाली सरकली."

आम्ही कात्रजच्या तळ्यावर गेलो. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. काठाला जलपर्णी होती, वास होता, सकाळचे फिरणारे लोक होते आणि बाकावर एक आजोबा मोबाईलवर मोठ्याने कीर्तन ऐकत होते. मित्र म्हणाला, "बघून झालं असेल तर निघू या. तळं काही दाखवायची गोष्ट नाही. पाणी पुढे गेलं ती दाखवायची."

हे सरांचंच वाक्य. १९७८च्या ऑगस्टमध्ये सरांनी आमचा सगळा वर्ग पीएमटीने इथे आणला होता आणि परत मात्र चालत नेला. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास इथे बांध घातले आणि दगडी नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेलं. ना पंप, ना मोटर. सर विचारायचे, "कुणाच्या जोरावर?" आम्ही बावळट, म्हणायचो, "पेशव्यांच्या!" सर कपाळाला हात लावायचे. मग त्यांनी पिशवीतून गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी काढली. एक टोक एकाच्या हातात, दुसरं वीस पावलांवर दुसऱ्याच्या. दोन्हीकडे पाणी एका पातळीत. आता खालची जमीन मोजा. इकडे कमरेपर्यंत, तिकडे कमरेच्या वर चार बोटं. "चार बोटं," सर म्हणाले. "या चार बोटांच्या जोरावर."

नळाच्या वाटेवर मधे मधे उच्छ्वास आहेत, दगडी मनोऱ्यासारखे. पाण्याचा दाब आणि आत अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून बांधलेले. बरेच आता घरांच्या आणि दुकानांच्या मधे असे दबले आहेत की माहीत नसेल तर वाटावं, कुणाच्या तरी शेताचा जुना बुरूज असेल. एका उच्छ्वासाला सरांनी आम्हाला कान लावायला लावले होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. सगळे "ऐकू आलं, ऐकू आलं" म्हणाले म्हणून मीही म्हणाले. तो उच्छ्वास आम्ही आज शोधला. सापडला नाही. मित्राच्या मते तो एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेला. माझ्या मते आम्ही रस्ता चुकलो. यावर सातारा रस्त्याच्या सिग्नलला आमचं चांगलं भांडण झालं आणि मागचा टेम्पोवाला त्यात पडला.

अरण्येश्वरच्या बाजूने येताना त्याने रिक्षा जरा हळू केली. आमच्या वर्गातल्या एकीने इथे ओढ्याजवळ फ्लॅट घ्यायचा ठरवला होता, तेव्हा तिने सरांना हौसेने दाखवायला आणलं. सरांनी ना किचन बघितलं ना बाल्कनी. खाली उतरून आंबिल ओढा कुठून येतो आणि कुठे वळवलाय ते बघत राहिले. मग म्हणाले, "तळमजला घेऊ नकोस. ओढ्याला सातबारा कळत नाही." ती नाराज झाली, तळमजल्याला बाग मिळणार होती. तरी तिसरा मजला घेतला. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहरात आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा तिच्या दोन खोल्यांत खालची चार कुटुंबं होती. मित्र त्या रात्रीबद्दल जास्त बोलला नाही. त्याने रिक्षातून काय काय वाहिलं ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्या ७८ सालच्या चालण्याचा शेवट कुठे झाला, हे मी विसरले होते. मला पक्कं आठवत होतं की शनिवारवाड्यात. दिल्ली दरवाजासमोर बसून आम्ही शेंगदाणे खाल्ले वगैरे. मित्र म्हणाला, "ती दुसरी सहल. त्या दिवशी आपण गंज पेठेत आलो."

आणि मग मला आठवलं. स्वारगेटपाशी सगळे दमले होते. सरांनी विचारलं होतं, "हौदात पाणी आलं. मग ते प्यायलं कुणी?" आम्ही म्हणालो, लोकांनी. "कुठल्या लोकांनी?" कुणी बोलेना. सरांनी मोर्चा वळवला तो सरळ गंज पेठेत, जोतीराव फुल्यांच्या वाड्यात. तिथल्या अंगणातला हौद दाखवला. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो हा. सर त्या दिवशी भाषण करत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "कात्रजपासून इथपर्यंत पाणी यायला चार बोटं उतार लागला. इथून पुढे चार पावलं जायला शंभराहून जास्त वर्षं लागली." आणि मग या माझ्या मित्राकडे वळून, "तुझं घर इथेच ना रे कुठेतरी?"

घर दोन गल्ल्या पलीकडे. तो आमच्यात कधी घरचं काही बोलायचा नाही, डबाही कोपऱ्यात बसून खायचा. सदाशिव-नारायण पेठेतली आम्ही चाळीस पोरं त्या गल्लीत शिरलो. त्याच्या आईने शेजारपाजारून कप गोळा केले.

"चाळीस कप चहा," तो आज फुले वाड्याबाहेर रिक्षा लावून म्हणाला. "साखर उधार आणली होती आईने. सरांनी दोन कप घेतले. तू घेतला नव्हतास."

"मी चहा प्यायचे नाही तेव्हा."

"हां. मला वाटलं..." तो पुढे बोलला नाही.

सत्तेचाळीस वर्षं त्याला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं. मी खरंच चहा पीत नव्हते. पण हे आज सांगून काय उपयोग? समोरच्या टपरीवर आम्ही दोघांनी चहा घेतला. मी दोन कप घेतले.

शनिवार, १२ जुलै

कार्यक्रमाला १२ जुलै का, हे पुण्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. १९६१ साली या तारखेला पानशेतचं धरण फुटलं. आंबी नदीवरचं ते मातीचं धरण, काम पुरं व्हायचं होतं, आणि पावसाने ते अपेक्षेच्या फार आधी भरत आणलं. सैन्याच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरायचा प्रयत्न केला. सकाळी धरण गेलं, ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, मग १८७९च्या सुमाराचं ते जुनं दगडी धरणही फुटलं. मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आज जिथे लोकमान्यनगर, गोखलेनगर आहे, तिथल्या वस्त्या पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या.

सर तेव्हा तेवीस वर्षांचे, नुकतेच शिक्षक झालेले, शनिवार पेठेत भाड्याच्या खोलीत. खोली गेली, सर्टिफिकिटं गेली, तपासायला आणलेले पेपर गेले. (ते सांगायचे, "त्या वर्षी माझ्या वर्गात सगळे पास.") दर वर्षी १२ जुलैला ते धडा घेत नसत. फळ्यावर आंबी, मुठा, खडकवासला, लकडी पूल काढायचे आणि त्या दिवसाची वेळ लिहीत जायचे. पण खरं रंगवून सांगायचे ते पूर ओसरल्यानंतरचं. पुन्हा पाणी आलं, आणखी एक धरण फुटलं, अशी हूल उठली, आणि चिखलातून वर आलेले लोक पुन्हा पर्वतीकडे पळाले. सरही पळाले. एका म्हातारीला पाठीवर घेऊन पळत होते. अर्ध्या पायऱ्यांवर तिनेच विचारलं, "अरे पण कुणी बघितलं का पाणी?"

पुढच्या वर्षी, १ जून १९६२ला, त्यांनी वाड्याच्या चौकात पर्जन्यमापक ठेवलं.

सभागृहात तीनशेच्या वर माणसं होती. भाषणांबद्दल फारसं लिहीत नाही. परदेशातल्या एका यशस्वी विद्यार्थ्याने पडद्यावरून पंचवीस मिनिटं स्वतःबद्दल सांगितलं आणि शेवटी सरांचे आभार मानले. एका माजी नगरसेवकाने सरांना 'ज्ञानाचा महामेरू' म्हटलं. सर समोर असते तर मेरूची उंची विचारली असती. एका मुलीने, म्हणजे पन्नाशीतल्या बाईने, छान सांगितलं: तिला उजवं-डावं कळायचं नाही, सरांनी तिला पूर्व-पश्चिम शिकवलं, आणि ती अजून नवऱ्याला गाडी चालवताना "पश्चिमेला वळा" म्हणते.

मग भोसरीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असलेला आमच्या वर्गातला एक जण उठला. त्याचं नाव यादीत नव्हतं. माईक घेऊन म्हणाला, "मला सरांनी मारलं होतं."

सभागृह एकदम गप्प.

झालं होतं असं. आठवीत असताना सर दोन दिवस गावी गेले, कुणी वारलं होतं. पाऊस मोजायची पाळी याच्यावर आली. रविवारी सकाळी तो गेलाच नाही, वहीत आपला 'बारा' लिहून मोकळा. सर आले. रविवारी टिपूस नव्हता. सोमवारी भर वर्गात त्याला थोबाडीत बसली, एवढ्या जोरात की ओठ फुटला. मी पहिल्या बाकावर होते. मला ते आठवतंय.

"आता मी म्हणायला पाहिजे," तो म्हणाला, "की त्या दिवसापासून मी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही. टाळ्या पडतील. पण तसं काही नाही. धंदा आहे माझा, लिहावे लागतात. प्रत्येक वेळी गाल दुखतो, एवढंच. सर चांगले होते. पण मारायला नको होतं." आणि तो खाली बसला.

टाळ्या कुणी वाजवाव्यात की नाही कळेना. निवेदिकेने घाईघाईने पसायदान जाहीर केलं. माझे हात गार पडले होते, त्याचं कारण वेगळं होतं.

संध्याकाळी सरांच्या घरी, काकूंकडे गेले, सदाशिव पेठेत, भिकारदास मारुतीच्या जवळ. वाडा पाडून झालेल्या इमारतीत चौथा मजला. काकू ब्याऐंशीच्या, कानाला यंत्र, बाकी खणखणीत. "ये. कार्यक्रमाला आले नाही मी, मला ती स्तुती ऐकवत नाही. चाळीस वर्षं दूध नासलं तरी हा माणूस विचारायचा, रात्री आर्द्रता किती होती." त्यांनी कपाट उघडलं. वरच्या तिन्ही फळ्यांवर जाड पुठ्ठ्याच्या वह्या. "या त्यांच्या. खालची फळी मला दिली होती, साड्यांना. उदार."

१९६२ ते २०२४. पान उघडलं की रकाने: तारीख, मिलिमीटर, ढग, वारा, शेरा. वेळ सगळीकडे एकच, सकाळी साडेआठ, हवामान खात्याची असते तीच. १९९६च्या एका पानावर आडवी लाल रेघ आणि खाली: "वाडा पाडला. मापक गच्चीवर. यापुढचे आकडे मागच्यांशी ताडताना सावध राहावे." मला हसू आलं आणि मग आलं नाही. राहतं घर पडल्याची एवढीच नोंद.

मी १९७७ची वही मागितली. रविवार सापडायला वेळ लागला नाही. 'बारा' वर एक रेघ, पण आकडा वाचता येईल अशी. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात: "नोंद नाही. सोमवारी मुलाला मारले. माझी चूक. त्याला सांगणे."

सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर तो आज तसा बोलला नसता. मी त्या पानाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही.

मग मी माझी वही मागितली.

१९८७पासून पुढच्या वह्यांत उजवीकडे जास्तीचे रकाने होते. सोलापूर. महाबळेश्वर. इंदूर. बेळगाव. शेवटचा रत्नागिरी. जिथे जिथे विद्यार्थी पांगले, तिथला तिथला पाऊस, पोस्टकार्डांवरून उतरलेला. माझे सतरा पावसाळे तिथे ओळीने उभे होते, कुठल्या वर्षी पोरगा झाला, कुठल्या वर्षी सासरे गेले, काही नाही, नुसतं १८, ७०, १०४, ३१. आणि जुलै १९९१चा तो बुधवार. ६४.

त्या दिवशी मी रेडिओ लावायला विसरले होते. काही आजारपण नाही, संकट नाही, नुसती विसरले. शनिवारी कार्ड लिहिताना मागचापुढचा दिवस बघून ६४ घातला. पुढच्या आठवड्यात सरांचं कार्ड: "बुधवारचे ६४ कुठून आणलेस? पेपरात ११२ आहे." मी उलट टपाली लिहिलं, सर, ऐकण्यात चूक झाली.

वहीत ६४ तसाच होता. शेजारी पेन्सिलीने ११२. आणि शेरा: "ऐकण्यात चूक. तिने कळवले."

ज्याचा ओठ फुटला त्याच्या पानावर सरांनी स्वतःची चूक लिहिली होती, आणि माझ्या पानावर माझं खोटं खरं म्हणून. काकूंनी विचारलं, "काय गं, चहा टाकू का?" मी नको म्हणाले.

रविवार, १३ जुलै

परतीची गाडी साडेदहाची. मित्राने सांगितलं होतं, "आठला गच्चीवर ये, माझं काम दाखवतो." एव्हाना मी ओळखलं होतं. सरांचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, रोज सकाळी साडेआठला हाच चार मजले चढतो. गिऱ्हाईक असलं तर आधी सोडून येतो, नाहीतर घेतच नाही. "विमानतळाचं भाडं सोडलंय या बाटलीपायी," तो म्हणाला, तक्रारीच्या सुरात, पण तक्रार नव्हती.

गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाक्यांपासून लांब, ते पर्जन्यमापक. शेजारी सरांच्या हस्ताक्षरातली पाटी, प्लॅस्टिकखाली: "हे पर्जन्यमापक आहे, कुंडी नव्हे. यात पाणी घालणाऱ्याने मिलिमीटरचा हिशेब द्यावा." सोसायटीत यावरून एकदा मीटिंग झाली होती म्हणे. पाटी राहिली.

साडेआठला पाच मिनिटं होती. खाली कुणाच्या तरी घरी रविवारचा रेडिओ, कुठेतरी पोहे फोडणीला पडले होते. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यातच मान्सून आलेला, गच्चीच्या कठड्याला शेवाळ धरलं होतं. रात्री पाऊस पडून गेला होता, आता उघडीप.

"जुन्या नोंदीत दुरुस्ती करायची असेल तर?" मी विचारलं.

"किती जुन्या?"

"एक्याण्णव."

त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारलं काही नाही. "खोडायचं नाही. शेजारी लिहायचं, आजची तारीख टाकायची, सही करायची. सरांचा नियम."

वही मी काकूंकडून वर आणलीच होती. टाकीच्या कट्ट्यावर उघडली आणि पेन्सिलीच्या ११२ खाली लिहिलं: "६४ हा आकडा मी बनवला होता. ऐकण्यात चूक झाली नव्हती." तारीख. सही करताना माहेरचं नाव करावं की सासरचं, यात थोडा वेळ गेला. माहेरचं केलं.

"साडेआठ," तो म्हणाला.

त्याने नरसाळं काढलं, आतली बाटली काढली, पाणी मोजपात्रात ओतलं. अगदी सावकाश, शेवटचा थेंब झटकून. मग काचपात्र सपाट कट्ट्यावर ठेवून म्हणाला, "वाच. डोळा पाण्याच्या पातळीत आण. कडेला बघू नको."

कडेला पाणी काचेला चिकटून वर चढतं, वाचायचं ते मधल्या खोलगट भागाच्या तळाशी. नववीतलं मला आठवत होतं. गुडघ्यावर वाकायला वेळ लागला.

"सहा पूर्णांक चार."

"चष्मा लाव."

"लावलाय."

तो वाकला. "सहा पूर्णांक दोन. तू वरून बघतेयस."

"मी अगदी सरळ बघतेय. तुझी मान वाकडी आहे."

"नऊ वर्षं मी वाचतोय."

"मग नऊ वर्षं चुकीचं वाचतोयस."

काकू जिन्यातून वर आल्या होत्या, कठड्याला धरून, दम लागलेला. काचेजवळ आल्या, त्यांनी आधी डावा डोळा मिटला, मग उजवा.

"सहा पूर्णांक दोन," काकू म्हणाल्या. "लिही. आणि रत्नागिरीचा काय?"

मला तो माहीत नव्हता. मी मुलाला फोन लावला.